अडोबो आणि सिनिगांग: फिलिपिनी आंबटाची दोन भांडी

फिलिपिन्सच्या घरगुती जेवणात आंबटपणा हा पायाच असतो. अडोबो या मांसाच्या रश्शात तो व्हिनेगरचा असतो, सिनिगांग या पातळ सारात कच्च्या चिंचेचा. हे आंबट कधी घालायचं आणि किती उकळायचं एवढं नीट समजलं की पदार्थ सहसा बिघडत नाही. खालची मापं चार ते पाच माणसांची आहेत.

चिकन अडोबो

नाव स्पॅनिश, पण रीत त्याआधीची. १६१३ सालच्या तागालोग-स्पॅनिश शब्दकोशात या प्रकाराची नोंद 'इथल्या लोकांचा अडोबो' अशीच आहे. मूळ पदार्थ व्हिनेगर, मीठ आणि लसणाचा. सोया सॉस चिनी व्यापाऱ्यांकडून आला. सोया न घालता केलेला पांढरा अडोबो तिथे आजही होतो.

साहित्य: हाडासकट चिकन १ किलो (तंगड्या आणि मांड्या), व्हिनेगर १२० मिली, लाइट सोया सॉस ८० मिली, पाणी १ कप, लसणाचा १ अख्खा गड्डा, अख्खी मिरी १ चमचा, तमालपत्र, तेल २ मोठे चमचे, चवीपुरती चिमूटभर साखर.

यातल्या तीन गोष्टींवर जरा थांबायला हवं.

पहिली व्हिनेगर. तिथे उसाचं, माडाचं किंवा निपा पामचं व्हिनेगर वापरतात. गोव्यात माडाच्या सुरेपासून केलेलं व्हिनेगर त्याला अगदी जवळचं. ते मिळालं तर दुसरं काही शोधू नका. उसाचा सिरकाही उत्तम. दुकानातलं पांढरं कृत्रिम व्हिनेगर नुसतंच जळजळीत लागतं. तेच वापरावं लागलं तर १०० मिली घ्या आणि अर्धा चमचा गूळ घाला.

दुसरी सोया सॉस. आपल्याकडे बहुतेक घरांत डार्क सोयाची बाटली असते. ८० मिली डार्क सोया घातला तर रस्सा काळाकुट्ट आणि कडवट होतो. लाइट सोयाच आणा.

तिसरी तमालपत्र. फिलिपिन्समध्ये वापरतात ते लॉरेलचं पान, मधोमध एकच शीर असलेलं. आपल्या तमालपत्रावर देठापासून टोकाकडे तीन शिरा जातात आणि वास दालचिनीकडे झुकतो. लॉरेलची पानं तीन चालतात, आपलं एकच पुरे. जास्त घातलं तर अडोबोला बिर्याणीचा वास येतो.

भांडं स्टीलचं, एनॅमलचं किंवा मातीचं घ्या. ॲल्युमिनियम किंवा लोखंडाच्या कढईत व्हिनेगर धातूला लागतं आणि रश्शाला कसट चव येते.

ठेचलेला लसूण, मिरी आणि सोया सॉस चिकनला चोळून अर्धा तास ठेवा. व्हिनेगर आत्ताच घालू नका. रात्रभर त्यात मुरवलं तर मांस वरून खडूसारखं पांढरं आणि भुसभुशीत होतं. मग सगळं भांड्यात घालून पाणी, तमालपत्र आणि शेवटी व्हिनेगर ओता. गॅस मोठा ठेवा. उकळी येईपर्यंत चमचा लावायचा नाही, झाकण ठेवायचं नाही, हा तिथल्या घरोघरचा दंडक. खरं महत्त्व उघड्या भांड्याला आहे: वाफेबरोबर व्हिनेगरचा तिखट दर्प निघून जातो आणि आंबटपणा मऊ होतो. भांड्यावर वाकून वास घेतला तर पहिल्या मिनिटाला नाक झोंबतं, पाचव्या मिनिटाला लसणाचा वास पुढे येतो. तो आला की आच मंद करा आणि अर्धवट झाकून २५ ते ३० मिनिटं शिजू द्या. कुकर टाळाच. त्यात दर्प आत कोंडतो आणि चिकनचा लगदा होतो.

आता फोडी बाहेर काढा आणि रस्सा निम्म्यावर येईपर्यंत आटवा, साधारण ८ ते १० मिनिटं. तवीत तेल तापवून फोडी सगळ्या बाजूंनी तांबूस परता. तिथे कातडीसकट चिकन घेतात, त्याची चरबी सुटते. आपल्याकडे कातडी काढलेलंच मिळतं, म्हणून हे तेल हवं. मग फोडी रश्शात परत घालून दोन मिनिटं घोळवा. मीठ अगदी शेवटी चाखून, कारण सोयाचा खारटपणा आटल्यावर वाढतो. तरीही खारट झालंच तर अर्धा कप नारळाचं दूध घाला आणि उकळी न फोडता गरम करा. बिकोल भागात मुद्दाम असाच अडोबो करतात, त्यामुळे ही डागडुजी वाटणार नाही.

सोबत साधा पांढरा भात. दुसऱ्या दिवशी अडोबो जास्त मुरतो. त्याबरोबर न्याहारीला सिनांगाग करा: थंड तेलात बारीक चिरलेल्या ८ पाकळ्या लसूण घालून मंद आचेवर सोनेरी करा आणि त्यात कालचा मोकळा केलेला ३ कप भात परता. लसूण तांबडा झाला की कडू लागतो, रंग बदलायला लागताच भात टाका.

कोळंबीचं सिनिगांग

हे पातळ आंबट सार आपल्याला लगेच ओळखीचं वाटतं. पाण्याऐवजी तांदूळ दुसऱ्यांदा धुतलेलं धुवण वापरतात, त्याने साराला किंचित अंग येतं. ६ कप धुवण, १ कांदा, २ टोमॅटो आणि सोललेल्या ४ अळकुड्या एकत्र उकळा. अळकुडी बोटाने दाबली जाईपर्यंत आंबट घालू नका. आंबटात भाजी लवकर मऊ होत नाही, आणि अर्धी कच्ची अळकुडी घशाला खाजते.

मग २०० ग्रॅम कच्ची चिंच वेगळ्या पाण्यात उकळून, कुस्करून, गाळून तो कोळ ओता. पिकल्या चिंचेने रंग काळपट आणि चव गोडसर होते. कोकण-गोव्यात बिंबलं असतील तर १० ते १२ चिरून घाला. फिलिपिन्समध्येही कामियास नावाने हेच फळ सिनिगांगमध्ये पडतं. पुढे मुळ्याच्या चकत्या, चवळीच्या शेंगा, वांगं आणि २ लांब हिरव्या मिरच्या अख्ख्या. भाज्या शिजल्या की डोक्यासकट ५०० ग्रॅम कोळंबी. ती गुलाबी होऊन वळली, म्हणजे जेमतेम तीन मिनिटांत, गॅस बंद. जास्त ठेवली की रबर होते. नाळीची भाजी किंवा पालक शेवटच्या वाफेवर टाका. मिठाऐवजी तिथे पातिस हा माशाचा खारट सॉस घालतात. नसेल तर मीठ चालेल. हळद आणि फोडणी मात्र नको, त्याने चिंचेची कोवळी चव झाकली जाते.