हॅमर दिसला की लगेच बाय मारू नका, आधी हे बघा

कँडलस्टिक, म्हणजे चार्टवर दिवसभराचा भाव दाखवणाऱ्या मेणबत्तीसारख्या खुणा, शिकायला बसलं की पन्नास पॅटर्नची नावं पाठ करायचा मोह होतो, ते नका करू. हॅमर आणि बुलिश एन्गल्फिंग (हिरव्या कँडलची बॉडी आदल्या लाल कँडलची अख्खी बॉडी झाकते तो) हे दोन नीट ओळखता आले तरी बराच काळ पुरतात.

कँडलचा जाड भाग, म्हणजे उघडल्याचा आणि बंद झाल्याचा भाव यांतलं अंतर, ती बॉडी, आणि वर-खाली निघालेली बारीक रेघ ती विक. हॅमर म्हणजे बॉडी छोटी आणि वरच्या टोकाला, खालची विक बॉडीच्या निदान दुप्पट. म्हणजे विकणाऱ्यांनी दिवसभरात भाव खूप खाली पाडला पण बंद व्हायच्या आत घेणाऱ्यांनी तो परत वर ओढून आणला. हे पडलेल्या शेअरमध्ये, हाच आकार चांगल्या तेजीनंतर वर दिसला तर त्याला हँगिंग मॅन म्हणतात आणि अर्थ उलटा होतो, त्यामुळे आधी चार्ट झूम आउट करा, मागचे पाच-सहा महिने बघा, भाव जुन्या सपोर्टवर (जिथे आधी घसरण थांबली होती तिथे) आलाय का मधेच कुठेतरी लटकलाय. मधे लटकलेला हॅमर मी सोडूनच देतो.

आता मार्च 2020 चा निफ्टीचा डेली चार्ट उघडा. 23 तारखेला एका दिवसात जवळपास 13 टक्के पडून 7610 ला बंद. 24 ला 7511 पर्यंत खाली जाऊन 7801 ला बंद, बॉडी छोटीशी, विक दोन्हीकडे, म्हणजे पक्का हॅमर नाहीच, विक्रीचा जोर अडलाय एवढंच कळतं. इथे उडी मारायची नाही. 25 ला निफ्टी आदल्या दिवसाच्या क्लोजखाली उघडला आणि 8317 ला बंद झाला, आदली अख्खी बॉडी गिळून. हे एन्गल्फिंग, आणि कन्फर्मेशन ते हेच. तळ 7511 लाच लागला हे आपल्याला आज माहितीये, त्या दिवशी कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून स्टॉपलॉस (भाव तिथे पडला की आपोआप विकायची ऑर्डर) त्याच्या खाली लावूनच घ्यायचं.

आणि साडेतीन वाजेपर्यंत थांबा हो. दुपारी दोनला सुंदर हॅमर दिसतो, बंद होताना तिथे लांबलचक लाल कँडल असते, सुरुवातीला मी असे कितीतरी पैसे घालवलेत.

किती शेअर घ्यायचे तेही कँडलच सांगते. समजा हॅमरचा लो 400 आहे, दुसऱ्या दिवशी भाव हॅमरच्या हायच्या वर गेला आणि तुम्ही 412 ला घेतलं, स्टॉपलॉस 398, म्हणजे शेअरमागे रिस्क 14 रुपये. भांडवल 50 हजार असेल आणि एका ट्रेडमध्ये 1 टक्का म्हणजे 500 रुपयेच घालवायची तयारी असेल तर 35 शेअर, त्यावर एकही नाही. ज्या दिवशी हॅमर झाला त्या दिवशी व्हॉल्यूम (किती शेअरची उलाढाल झाली तो आकडा) नेहमीपेक्षा जास्त असेल तर माझा भरवसा वाढतो, पण क्वांटिटी तेवढीच ठेवतो.

एक अडचण मात्र राहतेच, शेअर सकाळी गॅपडाउन, म्हणजे आदल्या क्लोजच्या बराच खाली, उघडला तर 398 चा स्टॉपलॉस 398 ला निघत नाही, खाली जो भाव मिळेल त्याला निघतो, लिमिट ऑर्डर (ठरवलेल्या भावाच्या खाली न विकणारी) असेल तर कधीकधी भरलीच जात नाही. म्हणून कंपनीचा रिझल्ट उद्यावर असेल तर हॅमर कितीही छान दिसू दे, मी घेत नाही.