फेरेट आणि जाळी: सशांच्या मागे निघताना या चुका टाळा

फेरेट म्हणजे मुंगसासारखा दिसणारा छोटा पाळीव मांसाहारी प्राणी. बिळाच्या तोंडांवर जाळी लावून त्याला आत सोडतात, ससा घाबरून बाहेर पळतो आणि जाळ्यात अडकतो. असा फेरेट घरी आला की नवख्या माणसाचे हात शिवशिवायला लागतात. ब्रिटनमध्ये फेरेटची पिल्लं साधारण मे-जूनमध्ये जन्मतात, उन्हाळा सरेपर्यंत अंगापिंडाने भरतात आणि सप्टेंबर उजाडला की मालकाला राहवत नाही. खोकं उचललं, जाळी खांद्यावर टाकली आणि निघाला शेताकडे. पहिली गडबड इथेच होते. त्या दिवसांत बांधावर काटेरी झुडपं आणि अंगाला आग आणणाऱ्या नेटलचं रान गच्च माजलेलं असतं, निम्मी बिळं नजरेलाच पडत नाहीत. शिवाय सशांची वीण मुख्यतः जानेवारी ते ऑगस्ट चालते, त्यामुळे उशिराची पिल्लं अजून आत असू शकतात. फेरेटला आत पिल्लं सापडली की तो तिथेच मारतो, खातो आणि पोटभर झोपतो. तुम्ही वर थंडीत ताटकळत उभे.

चार-दोन दिवस कडक हिमतुषार पडून झाडोरा बसला की खरा हंगाम सुरू होतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस सगळ्यात चांगले. वारा नसलेली, कोरडी, थंड सकाळ मिळाली तर सोडू नये. सोसाट्याचा वारा आणि मुसळधार पाऊस असेल तर मात्र घरी बसून जाळी दुरुस्त करावीत, कारण अशा हवेत ससे बिळातून उसळून बाहेर पडायला नाखूश असतात. मार्च लागला की थांबा. सशांच्या माद्या पिल्लांवर असतात आणि तेव्हा बिळात फेरेट सोडणं सगळ्याच बाजूंनी वाईट.

मला नवख्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते. फेरेट बिळात शिरण्याआधीच दिवसाचा निकाल बहुतेक लागलेला असतो. दोष मात्र सगळे फेरेटच्या माथी मारतात.

परवानगी आणि बिळाची पारख

इंग्लंडमध्ये रानससे शेतीचं खरंच मोठं नुकसान करतात. हिवाळी गव्हाच्या कडेच्या ओळी ते मुळापर्यंत कुरतडतात. १९५४ च्या पेस्ट्स अ‍ॅक्टखाली लंडनचा ‘सिटी’ हा मधला भाग, सिली बेटं आणि स्कोकहोम बेट वगळता इंग्लंड-वेल्सचा सगळा भाग ससे-निर्मूलन क्षेत्र ठरवला गेला आहे आणि आपल्या जमिनीवरचे ससे आटोक्यात ठेवणं ही जमीन कसणाऱ्याची जबाबदारी आहे. म्हणून शेतकरी बहुधा आनंदाने परवानगी देतो. पण ती तोंडी घेऊन भागत नाही. लेखी घ्या, खिशात ठेवा, आणि नेमक्या कोणत्या शेतांची परवानगी आहे ते नकाशावर दाखवून घ्या. कुंपणापलीकडे दुसऱ्याची जमीन सुरू होते आणि तिथे पाय टाकलात तर ती चोरटी शिकार ठरते.

भारतातल्या वाचकांसाठी इथेच एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडचा रानससा बीळ करत नाही, तो गवतात खळगा करून बसतो. तेव्हा ही पद्धत तिथे लागूच पडत नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याची शिकार हा गुन्हा आहे. इथे लिहिलेलं सगळं ब्रिटनपुरतं आहे.

बिळाची पारख न करता फेरेट सोडणं ही चूक फार महागात पडते. सशाच्या बिळाचं तोंड साधारण दहा-पंधरा सेंटिमीटर रुंद असतं. तोंड त्याहून बरंच रुंद, उंचीपेक्षा पसरट, पुढे मातीचा मोठा ढीग आणि त्यात जुनं वाळलेलं गवत दिसलं तर ते बॅजरचं, म्हणजे जमिनीत घर करणाऱ्या एका दणकट रानटी प्राण्याचं, घर असण्याची दाट शक्यता आहे. तिथून सरळ मागे फिरा. १९९२ च्या कायद्याने बॅजरच्या घराला हात लावणं गुन्हा आहे, आणि फेरेट जिवंत परत येईल याचीही खात्री नाही. उलट तोंडावर कोळ्याचं जाळं शाबूत असेल, पालापाचोळा साचला असेल तर त्या तोंडातून ससा ये-जा करत नाही. ताज्या लेंड्या, नुकती उकरलेली माती आणि गवतातून गेलेली दबलेली वाट शोधा. पहिल्या हंगामात चार-सहा तोंडांचं छोटं बीळच निवडा. तीस तोंडांची मोठी वसाहत बघून मोह होतो, पण ती अनुभवी माणसालाही दमवते.

जाळी लावताना

ही कला जुनी आहे. नॉर्मन लोकांनी बाराव्या शतकात इंग्लंडमध्ये ससे राखून पाळायला सुरुवात केली, आणि चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका इंग्लिश हस्तलिखितात बिळावर जाळं लावून फेरेट सोडणाऱ्या बायकांचं चित्र आहे. जाळ्याची घडण तेव्हापासून फारशी बदललेली नाही. सशासाठीचं पर्स नेट म्हणजे साधारण साडेतीन फूट लांबीचं जाळं, दोन्ही टोकांना एकेक कडी, कडेकडेने ओवलेली दोरी आणि दोरीच्या शेवटी खुंटी. ससा आत धडकला की कड्या दोरीवरून सरकतात आणि बटव्याची नाडी ओढावी तसं जाळं त्याच्याभोवती मिटतं.

लावायची रीत अशी. खालची कडी बिळाच्या तळाच्या ओठावर ठेवा. जाळं वर उलगडत न्या, तोंडाच्या चारही बाजूंना हाताच्या पंजाएवढं बाहेर येऊ द्या. वरच्या कडीपाशी दोरी मोकळी ठेवून खुंटी तोंडाच्या वर, पक्क्या जमिनीत टाचेने दाबा. मग मूठ वळून जाळ्याच्या मधोमध आतल्या बाजूने हलकेच ढकलून पाहा. जाळं मुठीभोवती गुंडाळलं गेलं पाहिजे. मूठ नुसती अडली तर जाळं ताणलेलं आहे, आणि ताणलेल्या जाळ्यावर आपटून ससा पुन्हा आत जातो. एकदा मागे फिरलेला ससा दुसऱ्यांदा बाहेर येत नाही म्हटलं तरी चालेल.

जाळ्यासकट ससा पळाला तर खुंटी कच्ची होती. भुसभुशीत मातीत लांब खुंटी वापरा किंवा जवळच्या मुळाला दोरी बांधा. जाळं मिटलंच नाही तर दोरीत गाठ पडली असेल किंवा काटकी अडकली असेल. जाळं पसरण्याआधी तोंडासमोरच्या काटक्या आणि वाळकी पानं हाताने दूर करा, पण ओढाताण न करता, कारण आतल्याला सगळं ऐकू जातं. अंगावरचा कोट बटणांचा नको, चेनचा घाला. बटणात अडकलेलं जाळं सोडवत बसलेला माणूस प्रत्येक हंगामात दिसतो.

आणि सुटलेलं तोंड. ससा नेमका तिथूनच निसटतो. गवतात लपलेलं, पुढे मातीचा ढीग नसलेलं छोटं तोंड आतून वर उकरलेलं असतं, ते बाहेरून दिसत नाही. म्हणून आधी बांधाच्या दोन्ही बाजूंनी गुडघ्यावर बसून गवत चाचपा आणि कडेची, लपलेली तोंडं आधी झाका, मग मधली. तोंडं फार असतील तर सगळ्या बिळाभोवती लांब जाळं उभं करणं सोपं पडतं, मात्र तेही सैल हवं. ताणलेलं लांब जाळं म्हणजे नुसतं कुंपण.

सगळं जमून ससा जाळ्यात आला की नवखा धावतो, ससा सोडवायला बसतो आणि तोंड उघडं राहतं. पाठोपाठ दुसरा ससा त्याच वाटेने निघून जातो. आधी त्या तोंडावर दुसरं जाळं टाका, मग ससा हातात घ्या. एक-दोन जाळी नेहमी खिशात असू द्यावीत.

आवाज

बिळाच्या वर चालणाऱ्या माणसाची पावलं आत धाडधाड वाजतात. गाडीचं दार आपटणं, मोठ्याने बोलणं, फोनची रिंग, कुत्र्याचं भुंकणं, यातल्या कशानेही ससे आत घट्ट दबून बसतात आणि मग ते फेरेटपुढेही हलत नाहीत. गाडी लांब लावा. दोन माणसं पुरतात, चौघं गेलात की गप्पा सुरू होतात. उभं राहायचं ते तोंडाच्या मागे किंवा वर. समोर उभं राहिलात तर दारापर्यंत आलेला ससा तुम्हाला पाहून मागे वळेल.

फेरेटला दोष देण्याआधी

उपाशी फेरेट चांगलं काम करतो हा समज चुकीचा आहे. उपाशी फेरेट ससा गाठला की खायला बसतो. पोट तुडुंब असेल तर आत जाऊन झोपतो. सकाळी थोडंसं मांस द्यावं. तोंडाला मुसकं बांधून सोडण्याची जुनी पद्धत तर साफ सोडून द्या. मुसकं बांधलेला फेरेट आत अडकला तर त्याला स्वतःचा बचाव करता येत नाही, खाता येत नाही.

तोंडापाशी येतो, माणूस दिसला की पुन्हा आत, अशी सवय लागलेला फेरेट वैताग आणतो. पण ती सवय त्याला माणसानेच लावलेली असते. बाहेर डोकावल्याबरोबर झडप घालून धरलं की तो शिकतो, हात म्हणजे धोका. त्याला चारही पायांनी पूर्ण बाहेर येऊ द्या, खाली बसा, हात सपाट ठेवून शांतपणे खांद्यामागून उचला. पिल्लू असल्यापासून रोज हाताळलेला, हातून खाल्लेला फेरेट सहसा असं करत नाही. ज्याने फेरेट फक्त शिकारीच्या दिवशी पिंजऱ्याबाहेर काढला, त्याला हा त्रास होणारच.

सुरुवातीला लहान चणीची मादी बरी. तिला इथे जिल म्हणतात, नराला हॉब. जिल जाळ्याच्या भोकांतून जाळं न हलवता पार होते, हॉब जाळंच बरोबर घेऊन निघतो. छोट्या बिळाला एक पुरे, फार तर दोन. जास्त सोडले तर सशाला सगळीकडून कोंडी होते आणि तो आतच मारला जातो.

आत गेला, आलाच नाही

गळ्यात लोकेटरचा, म्हणजे फेरेट जमिनीखाली कुठे आहे ते सांगणाऱ्या यंत्राचा, पट्टा न बांधता फेरेट सोडूच नका. पट्ट्यातला ट्रान्समीटर आणि हातातलं यंत्र, दोन्हींची बॅटरी बिळावर पोचल्यावर तपासा, घरी नव्हे. जुन्या यंत्रांची पोच आठ फूट खोलीपर्यंत होती, नव्यांची सोळा. पट्टा इतका घट्ट हवा की करंगळी जेमतेम जाईल. सैल पट्टा झाडाच्या मुळात अडकतो किंवा निघून पडतो, आणि मग तुम्ही रिकामा पट्टा खणून काढता.

यंत्रावर मिळणारी फेरेटची खूण एका जागी स्थिर झाली तर लगेच फावडं उचलू नका, दहा-पंधरा मिनिटं थांबा. बरेचदा ससा आंधळ्या भुयाराच्या टोकाला पाठ करून बसलेला असतो आणि फेरेट मागून नखं मारत असतो. तो स्वतःच कंटाळून परततो. थांबूनही खूण हलली नाही तर खणा, पण खुणेच्या अगदी वर नको, हातभर बाजूला. वरून मारलेलं फावडं भुयारात घुसलं की खाली आपलाच प्राणी असतो. शेवटचं वीतभर अंतर हाताने उकरा. खड्डा त्याच दिवशी बुजवून पायाने घट्ट दाबा. गुराचा पाय अडकला तर पुढची परवानगी विसरा, आणि ते रास्तच आहे.

अंधार पडला आणि खूणही मिळत नसेल तर बाकीची तोंडं मातीने बंद करून एका तोंडापाशी त्याचंच खोकं, त्याच्या वासाच्या पेंढ्यासकट, दार उघडं ठेवून सोडा. पहाटे उजाडायच्या आत परत या. जागा झालेला फेरेट बरेचदा खोक्यातच सापडतो.

हातात आलेला ससा

जाळ्यात आलेला ससा आता तुमच्या ताब्यात आहे, म्हणून २००६ चा प्राणिकल्याण कायदा त्यालाही लागू होतो. मान निखळवून क्षणात मारणं एखाद्या जाणत्याकडून समोरासमोर शिका आणि ते जमेपर्यंत एकट्याने निघू नका. ससा जाळ्यात ओरडत ठेवून पुढचं काम करणारा माणूस मला अजिबात सहन होत नाही.

मारल्याबरोबर पोट हलकेच दाबून मूत्राशय रिकामं करावं, नाहीतर मांसाला वास लागतो. आतडी लवकर काढून ससा थंड हवेत टांगा. ढिगात गरम ठेवलेले ससे हिरवट पडतात. डोळे सुजून चिकटलेला ससा मिळाला तर तो मिक्सोमॅटोसिस. हा रोग ब्रिटनमध्ये १९५३ साली आला आणि गेला नाही. असा ससा लगेच मारून टाका, खाण्यासाठी नेऊ नका.

हंगाम संपल्यावर

जाळी ओली गुंडाळून ठेवलीत तर तागाच्या जातीची कुजतात, नायलॉनची गुंततात. वाळवून, खुंटीभोवती एकेक गुंडाळून ठेवा. हे काम अर्ध्या तासाचं आहे. फेरेटचं काम मात्र वर्षभराचं. त्याला मांस हवं, दूध-पाव नको, ती जुनी खोड आहे. उन्हात बंद गाडीत ठेवलेला फेरेट फार थोड्या वेळात दगावतो.

सगळ्यात जास्त विसरली जाते ती जिल. वसंतात ती माजावर येते आणि नराशी संग झाल्याशिवाय तिचं बीजांड सुटत नाही. माज तसाच लांबला तर अंगातलं इस्ट्रोजेन वाढत जातं, अस्थिमज्जा निकामी होऊ लागते आणि ती रक्तक्षयाने मरू शकते. थंडीभर तुमच्यासाठी राबलेली जिल अशी मे महिन्यात पिंजऱ्यात मरावी, याहून वाईट काही नाही. उपाय सोपे आहेत: नसबंदी केलेल्या हॉबबरोबर सोडणं, किंवा पशुवैद्याकडून हार्मोनचं इंजेक्शन वा इम्प्लांट. मार्चच्या सुरुवातीलाच पशुवैद्याची वेळ घ्या आणि त्याच खेपेत डिस्टेंपर या जीवघेण्या विषाणूजन्य रोगाच्या लशीचंही विचारा.