अलॉय व्हीलचं पावडर कोटिंग: गन हातात घेण्याआधीचं काम आणि भट्टीचं गणित

फुटपाथला घासून खरवडलेली कड, क्लिअरकोटखाली (वरच्या पारदर्शक थराखाली) अळीसारखा सरपटत गेलेला पांढरा गंज, ब्रेकची धूळ भाजून बसल्याने काळवंडलेला आतला भाग. अशी चाकं पावडर कोटिंगने, म्हणजे विजेचा भार दिलेली कोरडी रंगाची पावडर गनने मारून ती भट्टीत वितळवून पिकवल्याने, छान होतात आणि स्प्रे पेंटपेक्षा कितीतरी जास्त टिकतात. वर्षभरात पोपडे निघाले, तर बहुतेक वेळा पावडर निर्दोष असते. चूक झालेली असते ती गनसमोर येण्याआधी.

आधी चाक कोटिंगच्या लायकीचं आहे का ते बघा. टायर काढून चाक बॅलन्सिंग मशीनवर फिरवा. बाहेरची किंवा आतली कड मिलिमीटरभराहून जास्त हलत असेल, तर आधी ते सरळ करून घ्या. आरे जिथे हबला मिळतात तिथे आणि आतल्या कडेला डाय पेनिट्रंट मारा: लाल द्रव लावायचा, दहा-पंधरा मिनिटांनी पुसायचा, वर पांढरा डेव्हलपर फवारायचा. पांढऱ्यावर बारीक लाल रेघ उमटली तर ती भेग आहे. आऱ्यावर भेग किंवा जुनं वेल्डिंग दिसलं तर ते चाक भंगारात द्या. कोटिंगखाली भेग झाकली जाते, भरत नाही.

आता उष्णतेचं. अलॉय व्हील बहुधा ए356 जातीच्या ॲल्युमिनियमचं ओतीव असतं. साधारण 540 अंशांना तापवून, पाण्यात विझवून, मग 150 ते 180 अंशांत काही तास ठेवून त्याला ताकद आणलेली असते. हीच ताकद भट्टीत पुन्हा कमीही होऊ शकते. म्हणून जुना रंग जाळून काढणाऱ्या 400 अंशांच्या बर्न-ऑफ भट्टीत अलॉय व्हील कधीही घालू नये. लोखंडी डिस्कला ते चालतं, अलॉयला नाही. पावडर निवडतानाही 200 अंशांची नको, 180 अंशांवर किंवा त्याखाली पिकणारी मागा. काही कार कंपन्या चाक पुन्हा भट्टीत घालू नका असंच सांगतात, तेव्हा गाडी वॉरंटीत असेल तर आधी चौकशी करा.

भोसरी, वाळूज, अंबड अशा औद्योगिक वसाहतींत पावडर कोटिंगचं जॉबवर्क सहज मिळतं, पण बऱ्याच लाइन लोखंडी पत्र्यासाठी लावलेल्या असतात. कोटिंगआधी माल धुवायच्या त्यांच्या सात टाक्यांत गंज काढायचं ॲसिड आणि फॉस्फेट असतं. ॲल्युमिनियमला क्रोमेट किंवा झिर्कोनियमची वेगळी टाकी लागते. ‘ॲल्युमिनियमची टाकी आहे का’ हा पहिला प्रश्न. ‘ब्लास्टिंगला काय वापरता’ हा दुसरा.

जुना रंग काढण्याआधी व्हॉल्व्ह, चिकटवलेली वजनं, हबची टोपी आणि टायरप्रेशरचा सेन्सर काढून ठेवा. सेन्सर भट्टीत गेला की बॅटरीसकट कामातून गेला. दोन-तीन तुकड्यांची, बोल्टने जोडलेली कस्टम चाकं पूर्ण सुटी करावी लागतात. सांध्यातलं सिलिकॉन सीलंट कणभर जरी राहिलं तरी कोटिंगमध्ये माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. क्रोम प्लेटिंगची चाकं असतील तर क्रोम प्लेटिंगवाल्याकडूनच उतरवून घ्या. ब्लास्टिंगने ते नीट निघत नाही.

रंग उतरवायला ॲल्युमिनियमला चालणारा पेंट रिमूव्हर वापरा. कॉस्टिकची टाकी नको: कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो, हायड्रोजन सुटतो, कडा झिजतात. त्यानंतर 80 ते 120 मेशच्या ताज्या ॲल्युमिनियम ऑक्साइडने 40 ते 60 पीएसआय दाबावर ब्लास्टिंग करा. याच जागी सगळ्यात जास्त कामं बिघडतात. आधी लोखंडावर वापरलेली वाळू किंवा स्टीलचे छर्रे अलॉयवर मारले की लोखंडाचे कण धातूत रुतून बसतात. पावसाळा लागला की कोटिंगखालून तपकिरी ठिपके वर येतात, आणि कोकण किनाऱ्यावर खाऱ्या हवेत तर आणखी लवकर.

घासलेली कड फाइलने सपाट करून 80, 120, 180, 240 आणि शेवटी 320 नंबरच्या पेपरने घासा. दोन कोटांची जाडी मिळून जेमतेम दीडशे मायक्रॉनच्या आसपास असते. त्याखाली 80 नंबरचा ओरखडा लपत नाही. बॉडीची साधी पुटी इथे चालत नाही, भट्टीत फुगते आणि सुटते. अगदीच लागली तर उष्णता सोसणारी, धातूचा भुगा असलेली पुटी घ्या, तीही फक्त दिसण्यापुरती. टायर जिथे बसतो त्या कडेवर आणि आऱ्यांवर मुळीच नाही.

डिग्रीज करून (तेल-ग्रीस काढून) धुतल्यावर साधी परीक्षा घ्या. चाकावर स्वच्छ पाणी ओता आणि उभं धरा. पाण्याचा पापुद्रा अर्धा मिनिट अखंड राहिला तर धातू स्वच्छ आहे. कुठे थेंब आकसून कोरडे डाग पडले, तर तिथे तेल आहे; पुन्हा धुवा. मग कन्व्हर्जन कोट (वर सांगितलेली क्रोमेट किंवा झिर्कोनियमची टाकी), शेवटचं धुणं डीआयोनाइज्ड, म्हणजे क्षार काढलेल्या पाण्याने, आणि वाळल्यावर उघड्या हाताने चाकाला हात लावायचा नाही.

ओतीव धातूत सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांत हवा, ओलावा, तेल, रिमूव्हर दडून बसतो आणि पावडर वितळताना बुडबुडा होऊन बाहेर पडतो, हेच पिनहोल. म्हणून पावडर मारण्याआधी चाक 180 अंशांना अर्धा तास कोरडं भाजा, म्हणजे जे निघायचं ते आधीच निघून जाईल. बाहेर पडणारा वायू सोसणारा प्रायमर मिळाला तर तोच घ्या.

मास्किंगची, म्हणजे पावडर बसू नये म्हणून झाकायची जागा दाखवल्याशिवाय चाक सोडू नका. नट जिथे टेकतात ते उतरते खड्डे, चाक हबला टेकतं तो मागचा सपाट भाग, मधलं भोक आणि व्हॉल्व्हचं भोक: यांवर सिलिकॉनचे प्लग आणि उष्णता सोसणारी हिरवी पॉलिएस्टर टेप हवी. नटच्या खड्ड्यात 70 मायक्रॉनचा थर राहिला, तर नट आवळताना तो कोटिंगवर आवळला जातो. थोडं चालवल्यावर तो थर दबतो, फुटतो, आणि नट हातानेही फिरेल इतका ढिला होतो. चाक निखळण्याचं कारण यातून तयार होतं. चुकून पावडर आत गेली असेल तर भाजण्याआधीच पुसून घ्या. पिकल्यावर खरवडताना खड्ड्याचा उतार बिघडतो.

अठरा इंची चाकाला एका कोटला वाया जाणाऱ्यासह 150 ते 200 ग्रॅम पावडर लागते. चार चाकांना प्रत्येक थराची किलोभर पुरते. खाली इपॉक्सी प्रायमर, वर रंगाची पॉलिएस्टर, हवा असेल तर क्लिअर. वरचा थर इपॉक्सीचा नको, उन्हात तो खडूसारखा पांढरा पडतो. प्रत्येक थर 60 ते 80 मायक्रॉन. गन 15 ते 20 सेंमी लांब, 60 ते 80 किलोव्होल्ट. आऱ्यांच्या खोल कोपऱ्यांत मात्र पावडर आत शिरतच नाही, कडांवरच बसते. तिथे व्होल्टेज 30 ते 40 वर आणा, हवेचा दाब कमी करा आणि कोपरे आधी, सपाट भाग नंतर मारा. हुकवर जुनी पावडर साचलेली असेल तर अर्थिंग तुटतं. हुक चकचकीत घासलेला हवा.

भट्टीतली वेळ धातू तापल्यापासून मोजायची, दार लावल्यापासून नाही. भट्टीचा आकडा 180 दाखवतो, तेव्हा दहा किलोचं चाक अजून 120 वर असू शकतं, आणि जाड हबला वीस-पंचवीस मिनिटं जास्त लागतात. हबवर थर्मोकपल (धातूचं तापमान मोजणारी तार) लावा. उघड्या चमकत्या धातूवर इन्फ्रारेड थर्मामीटर कमी तापमान दाखवतो. प्रायमर अर्धवट पिकवा, म्हणजे रंग त्याला घट्ट धरतो. कोरडं भाजणं, प्रायमर, रंग, क्लिअर अशा चारही फेऱ्या मिळून धातू 180च्या आसपास असण्याचा वेळ एक ते सव्वा तासाच्या पुढे जाऊ देऊ नका. तिसऱ्यांदा रंग बदलायचा हट्ट याच कारणाने सोडावा.

घेताना जाडी मोजायला लावा, पण लोखंडावरचं चुंबकी मीटर अलॉयवर चालत नाही. एडी करंटचं लागतं. मागच्या न दिसणाऱ्या जागी एमईके (मिथाइल इथाइल किटोन हे सॉल्व्हंट) लावलेल्या फडक्याने पन्नास वेळा मागेपुढे घासा. रंग फडक्यावर उतरला किंवा थर मऊ पडला तर कोटिंग कच्चं आहे.

टायर चढवायला चोवीस तास थांबा. यंत्राच्या जबड्यांना प्लास्टिकच्या टोप्या हव्यात, व्हॉल्व्ह नवा, वजनं आतल्या बाजूला चिकटवलेली. नट ताऱ्याच्या आकारात, मॅन्युअलमधल्या टॉर्कला, टॉर्क रेंचनेच आवळा आणि 50 ते 100 किमी चालवल्यावर पुन्हा तपासा. धुताना ॲसिडचा व्हील क्लीनर नको, साधा शाम्पू पुरतो. दगड लागून कुठे टवका उडाला तर त्याच आठवड्यात टचअप करा. उघड्या धातूपासूनच तो पांढरा गंज अळीसारखा आत सरकायला लागतो.