फ्रान्सच्या खेड्यात घर घेताय? सहीआधी झाकण उघडायला लावा

फ्रान्समध्ये जुनं दगडी घर बघायला गेलेल्या माणसाचं लक्ष छपराकडे जातं, तुळयांकडे जातं, फार तर भिंतीतल्या ओलीकडे. सांडपाण्याचा अहवाल कागदांच्या गठ्ठ्यात तळाशी राहतो. ड्रेनेजची लाइन नसलेल्या घराला सांडपाण्याची स्वतःची व्यवस्था, म्हणजे जमिनीखालची टाकी आणि पुढे पाणी मुरवायची सोय, असावीच लागते, आणि ती नियमात बसत नसेल तर खरेदीखत झाल्यापासून एका वर्षात ती सुधारणं नव्या मालकाच्या गळ्यात पडतं. नवी व्यवस्था साधारण 8 ते 15 हजार युरोंना जाते. त्यामुळे जी काही घासाघीस करायची ती सहीआधीच.

अहवाल कसा वाचायचा

स्थानिक प्रशासनाचा 'स्पांक' नावाचा विभाग अशा व्यवस्था तपासतो. विकणाऱ्याने त्याचा अहवाल देणं 2011 पासून बंधनकारक आहे आणि खरेदीखताच्या दिवशी तो 3 वर्षांपेक्षा जुना चालत नाही. हा अहवाल 'कॉम्प्रोमी', म्हणजे साठेखत, करण्याआधीच मागून घ्या. कॉम्प्रोमीनंतर घर घेणाऱ्याला माघार घ्यायला 10 दिवस मिळतात. तेवढ्यात ठेकेदाराकडून अंदाजपत्रक मिळेल या भरवशावर राहू नका.

अहवालात शेवटचा निष्कर्ष आधी बघा. 'नों कॉन्फॉर्म', म्हणजे नियमबाह्य, हा एकच शब्द असला तरी त्यामागची कारणं वेगवेगळी असतात. व्यवस्थाच नाही, आरोग्याला धोका आहे, टाकी अपुरी आहे, एखादा भाग गायब आहे: यांपैकी काहीही असलं तरी विक्रीनंतर एका वर्षाची मुदत लागू होते. नुसती देखभालीची त्रुटी असेल, म्हणजे गाळ साचलाय, तर शिफारशीवर भागतं. 'पाहता आलं नाही' असा शेरा असेल तर मालकाला झाकणं उकरून मोकळी करायला सांगा आणि तपासणी पुन्हा करून घ्या. मातीखाली काय आहे हे ठाऊक नसताना किंमत ठरवायची नाही.

टाकी आणि तिच्यापुढची जमीन

जुन्या घरांत दोन शब्दांची गल्लत होते. 'फोस सेप्टिक' म्हणजे फक्त संडासाचं पाणी घेणारी जुनी टाकी. स्वयंपाकघर आणि न्हाणीचं पाणी वेगळीकडे जातं, कधीकधी थेट चरात. 'फोस तूत-ज़ो' म्हणजे सगळं सांडपाणी एकत्र घेणारी. आज नवी बसवायची तर ही दुसरी लागते: 5 मुख्य खोल्यांपर्यंत किमान 3 घनमीटर, पुढे प्रत्येक खोलीमागे 1 घनमीटर जास्त. इथे माणसं मोजत नाहीत, खोल्या मोजतात. कोठाराच्या माळ्यावर दोन बेडरूम काढायचा विचार असेल तर आजची 'पुरेशी' टाकी उद्या अपुरी ठरते. हा हिशेब घर घेतानाच करा.

टाकीत मैला खाली बसतो, तेल-चरबी वर तरंगते आणि मधलं पाणी पुढे जातं. ते पाणी स्वच्छ नसतं. त्याची खरी शुद्धी पुढच्या जमिनीत होते. चांगली मुरणारी माती असेल तर 5 खोल्यांना एकूण साधारण 45 मीटर लांबीचे चर (भोकांचे पाइप घालून मातीने बुजवलेले) लागतात, एक चर 30 मीटरपेक्षा लांब नाही. चिकणमातीत पाणी मुरत नाही. तिथे वाळूचा गाळणथर करतात, 5 खोल्यांना 25 चौरस मीटर, वाळू 70 सेंटीमीटर जाड. चर घरापासून 5 मीटर, हद्द आणि झाडांपासून 3 मीटर आणि पिण्याच्या विहिरीपासून 35 मीटर लांब हवेत. छोट्या बागेत हे बसत नाही, आणि आधी जागाच मोजून बघायची ती त्यासाठी.

स्वतः बघायच्या गोष्टी

शक्य असेल तर पावसाळी हिवाळ्यात जा. ऑगस्टमध्ये कुठलीही जमीन पाणी पिते.

1. घरातले दोन-तीन नळ 20 मिनिटं सोडा आणि चरांच्या शेवटच्या चेंबरचं झाकण उघडायला लावा. तिथे पाणी तुंबून असेल तर चर चोंदलेत. टाकीचं पाणी चरांत वाटणाऱ्या चेंबरमधून प्रत्येक पाइपात सारखं पाणी जातंय का तेही बघा. एकाच पाइपात जात असेल तर चेंबर कललाय आणि बाकीचे चर कोरडे पडून आहेत.
2. गाळ मोजायला लांब काठीला पांढरं फडकं गुंडाळून टाकीच्या तळापर्यंत न्या, दोन मिनिटं थांबा आणि सरळ वर काढा. काळा पट्टा म्हणजे गाळाची उंची. पाण्याची खोली 120 सेंटीमीटर आणि पट्टा 60 चा असेल तर टाकी उपसायची वेळ झाली, कारण गाळाने निम्मी जागा खाल्ली. टाकीवर वाकून आत डोकावू नका, आत उतरायचा तर विचारही नको. तिथला वायू माणसाला क्षणात बेशुद्ध करतो.
3. टाकीतून येणारा वायू बाहेर काढणारा 100 मिलीमीटरचा पाइप छपराच्या मोभाच्या वर 40 सेंटीमीटर निघालाय का बघा. तो नसेल तर घरात वास येतोच, शिवाय आतला वायू सिमेंटची टाकी वरच्या बाजूने हळूहळू खातो. झाकणाच्या आतली बाजू भुसभुशीत असेल तर ते याचंच लक्षण.
4. छपराचं पाणी कुठे जातं ते शोधा. पन्हळीचा पाइप टाकीला जोडलेला असेल तर प्रत्येक सरीबरोबर गाळ चरांत वाहून जातो आणि चर बाद होतात.

उपसल्याच्या पावत्याही मागा. गाळ नेणारा ठेकेदार सरकारी परवान्याचाच लागतो आणि तो गाळ कुठे नेला याचा कागद देतो. पावत्या नसतील तर बहुधा उपसा झालेलाच नसतो.

काम करायची वेळ आली तर

आधी मातीची पाहणी, मग आराखडा स्पांककडे. मंजुरीनंतर काम आणि काम झाल्यावर पुन्हा तपासणी. ही दुसरी तपासणी चर मातीने बुजवण्याआधी व्हायला हवी. ठेकेदार घाईने बुजवून टाकतात आणि मग पुन्हा उकरायचा खर्च मालकावर येतो. करारातच लिहून घ्या: तपासणीआधी माती टाकायची नाही.

ठेकेदार छोटं शुद्धीकरण यंत्र, 'मिक्रोस्तासियों', सुचवेल. ते कमी जागेत बसतं, पण त्याला वीज आणि रोजचं सांडपाणी लागतं. वर्षात सहा आठवडे राहायच्या घराला ते घेऊ नये. उपाशी राहिलेले जिवाणू मरतात आणि सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात पाणी जसं येतं तसंच बाहेर पडतं. अशा घराला टाकी आणि वाळूचा थरच बरा.

घर ताब्यात आल्यावर टाकी उपसून घेतलीत तर गाडी जाण्याआधीच नळी लावून ती साध्या पाण्याने भरायला घ्या. जमिनीतलं पाणी वर असलेल्या जागी रिकामी प्लास्टिकची टाकी रात्रीतून वर उचलली जाते आणि जोडलेले पाइप तुटतात.