हुमणीचे भुंगेरे मृगाची वाट बघत नाहीत

मंडळी, वाळवा, पलूस, कराड, इकडं कृष्णाकाठाला ज्यांचा ज्यांचा ऊस आहे त्यांच्यासाठी लिहितोय, अजून पहिला मोठा वळीव झाला नसेल तर आत्ताच वाचा.

हुमणी म्हणजे उसाची मुळं खाणारी अळी, आणि भुंगेरा म्हणजे तिचाच मोठा झालेला उडता किडा. मृग निघाला की भुंगेरे बघायचे हे आपल्याकडं ठरलेलं. पण आता पावसाचाच नेम राहिला नाही, २०२३ ला मान्सून केरळात ८ जूनला आला आणि २०२५ ला २४ मेलाच, आणि त्या मे महिन्यात आपल्याकडं पण धो धो कोसळला. भुंगेरा तारीख बघत नाही, जमीन चांगली भिजली की अंधार पडायला बाहेर येतो, कडुलिंब नाहीतर बाभळीवर बसतो, पाला खातो, तिथंच मिलन होतं आणि मादी पहाटे परत मातीत जाऊन अंडी घालायला लागते.

त्या वर्षी आम्ही दिव्याचा सापळा नेहमीप्रमाणं जूनमध्ये लावला, रात्रीला पाच-सहा भुंगेरे पडायचे, वाटलं यंदा कमीच आहेत. ऑगस्टमध्ये पिवळं पडलेलं उसाचं एक बेट धरून ओढलं तर अख्खं हातात आलं, मुळं शिल्लकच नव्हती, आणि खाली मातीत वेटोळं करून पडलेल्या पांढऱ्या अळ्या, अकरा मोजल्या. भुंगेरे मेमध्येच निघून गेलेले.

म्हणून सामान आत्ताच काढून ठेवा, बल्ब, वायर, पसरट टप, थोडं रॉकेल किंवा डिझेल. पहिला जोराचा वळीव झाला की त्याच संध्याकाळपासून बल्ब पेटवायचा, खाली टपात पाणी आणि त्यावर रॉकेल. ७ ते ९ एवढाच वेळ, नंतर बंद करा, नाहीतर मित्रकिडे पण मरतात. बांधावरच्या कडुलिंबाखाली ताडपत्री टाकून फांद्या हलवा, गारा पडल्यासारखे टपाटप पडतात, गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. पाऊस येईल तसं पुढं तीन-चार आठवडे हे रोज करावं लागतं, कंटाळा करू नका, एक मादी पन्नासेक अंडी घालते आणि वर्षात हुमणीची पिढी एकच असते, तेव्हा आत्ता पकडली ती पकडली.

कच्चं शेणखत रानात टाकू नका, त्यातनं अंडी-अळ्या येतात. मेटारायझियम (अळीला मारणारी बुरशी) द्यायचं असेल तर अळी बारीक असताना, जमिनीत ओल बघून, कुजलेल्या शेणखतात मिसळून द्या. पाऊस मेमध्येच झाला तर हे पण तेवढंच आधी करायला लागेल.

आणि शेजारच्या रानवाल्यांना आजच फोन करा, एकट्यानं धरून भागत नाही, बांधापलीकडनं उडून येतात.