हरणाच्या नाकाला चुकवायचं तर आधी वारा बघा

अमेरिकेत व्हाइटटेल हरणाच्या शिकारीला जाणारे बरेच जण गंधनाशक फवारा मारून निर्धास्त होतात. फवाऱ्याने वास कमी होतो, संपत नाही. म्हणून जागा वाऱ्यावरून ठरवा: हरणं जिकडून येणार, तिकडूनच वारा तुमच्या तोंडावर यायला हवा.

डोंगरउतारावर हवामानाच्या ॲपमधला वारा फसवतो. उन्हाने तापलेली हवा उताराने वर चढते, संध्याकाळी गार होऊन खाली ओघळते. त्यामुळे ऊन चढल्यावर हरणांच्या वाटेच्या वर बसा, संध्याकाळी खाली. तपासायला मिल्कवीडची (आपल्या रुईच्या कुळातलीच) म्हातारी हवेत सोडा. टाल्कम पावडर लगेच दिसेनाशी होते. म्हातारी दूरवरची वळणं आणि भोवरेही दाखवते.

कपडे बिनवासाच्या साबणाने किंवा खाण्याच्या सोड्याने धुवा. सॉफ्टनर अजिबात नको. बाहेर वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि जंगलाच्या कडेला पोहोचल्यावरच घाला. रबरी बूटही तिथेच चढवा, नाहीतर पेट्रोल पंपावरचा वास वाटभर उमटतो.

सगळ्यात जास्त घात करतो तो घाम. जाड जाकीट पाठीवर बांधून सावकाश चाला, जागेवर पोहोचून अंग निवलं की घाला.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हरणाची शिकार गुन्हा आहे. पाणवठ्यावरच्या मचाणावरून सांबर बघायला मात्र वाऱ्याचा हाच हिशेब लागतो.