विद्युत विमानाचा पल्ला आणि उंची कशी ठरवावी: सोलापूर–पुणे मार्गाचा हिशेब

सोलापूर ते पुणे हे सरळ रेषेतले अंतर सुमारे 235 किलोमीटर आहे. बॅटरीवरचे विमान ते कापू शकेल का आणि त्याने किती उंचीवरून उडावे, हे कागदावर काढता येते. मात्र जेट विमानाचे ठोकताळे आधी बाजूला ठेवावेत.

प्रथम पल्ला काढावा. बॅटरीच्या दर किलोमागची ऊर्जा ज्यूलमध्ये घेऊन तिला एकूण वजनातील बॅटरीचा वाटा, मोटर व प्रोपेलरची एकत्रित कार्यक्षमता आणि उचल-रोध गुणोत्तर (पंखांची उचल हवेच्या रोधाच्या किती पट आहे तो आकडा) यांनी गुणावे व 9.81 ने भागावे. उत्तर मीटरमध्ये मिळते. किलोमागे 180 वॅट-तास (6,48,000 ज्यूल), वाटा 0.25, कार्यक्षमता 0.75 आणि गुणोत्तर 15 धरल्यास पल्ला 186 किलोमीटर भरतो, म्हणजे विमान पाटस-यवतच्या पट्ट्यातच थांबते, आणि यात राखीव ऊर्जा धरलेलीच नाही. जेटच्या इंधनात, म्हणजे केरोसिनमध्ये, किलोमागे सुमारे 12,000 वॅट-तास असतात, शिवाय ते जळते तसे विमान हलके होते. बॅटरीचे वजन शेवटपर्यंत तेवढेच राहते. म्हणून वाटा 0.4 पर्यंत नेणारी रचनाच इथे विचारात घ्यावी. तिचा पल्ला 297 किलोमीटर येतो.

या सूत्रात उंची कुठेच नाही, हे लक्षात घ्यावे. जेट इंजिनाला उंचावरील थंड हवेचा फायदा मिळतो; मोटरला हवा लागतच नाही. तेच उचल-रोध गुणोत्तर राखून 600 ऐवजी 3,000 मीटरवरून उडाल्यास वेग सुमारे 13 टक्के वाढतो, पण शक्तीही तेवढीच जास्त लागते, त्यामुळे दर किलोमीटरचा खर्च बदलत नाही. चढताना खर्चलेली ऊर्जा उतरताना घसरत येऊन बरीचशी वसूल होते: जमिनीपासून अडीच किलोमीटर उंचीवरून परतणारे विमान वारा नसताना मोहोळच्या आसपास मोटर बंद करूनही सोलापूर गाठू शकते. अर्थात उतरण्याची परवानगी वेळेवर मिळाली तरच.

मे महिन्यात 40 अंशांना सोलापूरची हवा सुमारे 1,500 मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते. मोटरची शक्ती त्यामुळे घटत नाही, पण पंखांना वेग जास्त लागतो, धावपट्टी अधिक खर्ची पडते आणि चढाईच्या मोठ्या प्रवाहाने बॅटरी आणखी तापते. उड्डाण पहाटे ठेवावे.

उंचीचा अंतिम निर्णय वाऱ्यावर सोपवावा. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा साधारण दीड किलोमीटर उंचीवर सर्वांत जोरात असतो आणि पुण्याकडे जाताना तो समोरून येतो. ताशी 160 किलोमीटर वेगाच्या विमानासमोर ताशी 40 किलोमीटरचा वारा असेल, तर 297 किलोमीटरचा पल्ला 223 वर येतो, आणि त्या दिवशी पुण्याचा बेत रद्द करावा.